स्ट्रीम प्रोसेसिंग लायब्ररीच्या डॉक्समधले टायपो: शोधायचे कसे, सुधारायचे कुठले आणि हात कशाला लावायचा नाही

स्ट्रीम प्रोसेसिंग म्हणजे सतत वाहत येणाऱ्या डेटावर तो येईल तसं काम करणं, आणि काफ्का ही तो डेटा मेसेजच्या रूपात साठवून पुढे पोचवणारी सिस्टिम. काफ्काच्या कन्झ्युमरला, म्हणजे मेसेज वाचणाऱ्या प्रोग्रामला, एक सेटिंग असते, ऑटो डॉट ऑफसेट डॉट रिसेट. समजा एखाद्या लायब्ररीच्या डॉक्समधल्या उदाहरणात त्या ऑफसेटमधला एक एफ गळालाय. तुम्ही ते उदाहरण कॉपी केलं, किंमत बरोबर अर्लिएस्ट (म्हणजे पहिल्यापासून वाच) दिली आणि चालवलं. प्रोग्राम बंद पडत नाही, एररही येत नाही. अशा नावाची सेटिंग ओळखीची नाही अशी एक ओळ लॉगमध्ये पडते, ती कोण वाचतो, आणि काफ्का आपली डिफॉल्ट किंमत लेटेस्ट (म्हणजे आत्तापासून येणारंच वाच) धरून गप पुढे जातो. म्हणजे तुमचा कन्झ्युमर ग्रुप नवा असेल, त्याचा कुठलाच ऑफसेट, म्हणजे कुठपर्यंत वाचलं ती खूण, आधी साठवलेला नसेल, तर टॉपिकमध्ये, म्हणजे मेसेजच्या त्या रांगेत, अगोदर पडलेले मेसेज तो वाचणारच नाही आणि माणूस डेटा कुठे गेला म्हणून डोकं धरून बसणार. आता उलटं बघा, सेटिंगचं नाव बरोबर आहे पण किंमत चुकली, अर्लिएस्टमधलं एक अक्षर खाल्लं, तर लगेच कॉन्फिग एक्सेप्शन तोंडावर येतं आणि पाच मिनिटांत कळतं.

दोन्ही टायपो एका अक्षराचेच, पण एकाने दिवस जातो आणि दुसऱ्याने पाच मिनिटं. त्यामुळे टायपो दिसला की मी आधी हे बघतो की याने वाचणाऱ्याचं काय बिघडतंय, आणि मग हे, की जे चुकीचं दिसतंय ते खरंच चुकीचं आहे का. बाकी सगळी गिटची प्रोसिजर, ती एका संध्याकाळी शिकून होते.

हे सविस्तर लिहितोय कारण कणकवली-कुडाळकडची, रत्नागिरीकडची इंजिनिअरिंगची पोरं सारखी विचारतात, "दादा, ओपन सोर्सला सुरुवात कुठून करू, आणि टायपोचा पीआर लावला तर हसतील काय?" हसत नाय रे कोण. पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, आपला बदल मूळ प्रोजेक्टने घ्यावा ही मागणी, आणि नीट लावलेला टायपोचा पीआर मेंटेनर लोक, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, आनंदाने घेतात. वाईट लावलेला मात्र त्यांच्या डोक्याला ताप असतो, आणि नीट म्हणजे कसा हे कोणी बसून सांगत नाही.

एक आधीच सांगतो, कमांड आणि इंग्रजी शब्द मी आपण बोलतो तसे देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलवर टाईप करताना अर्थातच इंग्रजीत.

लायब्ररी कुठली घ्यायची

जी तुम्ही वापरताय ती, किंवा निदान जिचं सुरुवातीचं उदाहरण स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून बघितलंय ती. काफ्का लिंक्डइनमध्ये तयार झाला, 2011 साली ओपन सोर्स झाला, आणि त्याची स्ट्रीम प्रोसेसिंगची लायब्ररी काफ्का स्ट्रीम्स ही 2016 साली 0.10 व्हर्जनसोबत आली. फ्लिंक ही अशीच दुसरी सिस्टिम, तिचं मूळ बर्लिनच्या विद्यापीठातल्या स्ट्रॅटोस्फिअर नावाच्या रिसर्च प्रोजेक्टमध्ये आहे, 2014 च्या शेवटी तो अपाचे फाउंडेशनचा टॉप लेव्हल प्रोजेक्ट झाला. बीम आहे, आणि अक्का नावाच्या लायब्ररीने सप्टेंबर 2022 मध्ये लायसन्स बदलल्यावर त्यातून फुटून निघालेला अपाचे पेक्को आहे. सगळ्यांची डॉक्स भलीमोठी आहेत आणि वर्षानुवर्षं शेकडो लोकांनी लिहिलेली आहेत, त्यातले बरेच जण इंग्रजी मातृभाषा नसलेले, त्यामुळे टायपो असणारच.

न वापरलेली लायब्ररी नको म्हणतो ते एवढ्यासाठी की स्ट्रीम प्रोसेसिंगमध्ये सिंक म्हणजे जिथे डेटा जाऊन पडतो ते टोक, स्पेलिंग एस आय एन के, आणि दुसरं सिंक म्हणजे एस वाय एन सी, ताळमेळ. इंग्रजीत दोन्ही शब्द बरोबर, वाक्यात कुठला पाहिजे हे ज्याला पाइपलाइन कळते त्यालाच सांगता येतं.

लायब्ररी ठरली की रिपॉझिटरीत कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाईल किंवा वेबसाईटवरचं तसं पान उघडायचं आणि पूर्ण वाचायचं, कंटाळा आला तरी. प्रत्येक घरची रीत वेगळी असते. फ्लिंकमध्ये मोठ्या बदलाला जिराचं (कामं नोंदवायच्या साइटवरचं) तिकीट लागतं पण डॉक्समधल्या टायपोला लागत नाही, पीआरच्या टायटलला पुढे चौकटी कंसात हॉटफिक्स आणि डॉक्स असं लिहायचं असतं. काफ्कामध्येही किरकोळ बदलाला तिकीट नको, टायटलची सुरुवात कॅपिटलमध्ये मायनर आणि कोलन अशी करायची. काही प्रोजेक्टना प्रत्येक कमिटखाली साइन्ड-ऑफ-बायची ओळ लागते, ती गिट कमिट -एस केलं की आपोआप पडते. काही ठिकाणी बॉट येऊन सीएलए, म्हणजे आपला बदल प्रोजेक्टला वापरू देण्याचा करार, सही करा म्हणतो. ते काय आहे ते वाचून सही करायची, घाबरण्यासारखं नसतं. मात्र नोकरीत असाल तर कंपनीची परवानगी लागते का ते आधी बघा.

कोड उतरवणं, आपल्याकडच्या नेटवर

फ्लिंक किंवा काफ्काची रिपॉझिटरी सगळ्या इतिहासासकट क्लोन करायला घेतली तर जड जाते, आणि गिट क्लोन मध्येच तुटलं तर होतं तिथून पुढे सुरू होत नाही, परत पहिल्यापासून. जून-जुलैत वाऱ्याने फांदी तारेवर पडली की लाईट गेली, लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी गेली, हे ज्यांच्या गावात होतं त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. म्हणून गिट क्लोन --डेप्थ 1 वापरा, म्हणजे इतिहास न येता फक्त आजची अवस्था उतरते. टायपोच्या कामाला तेवढं भरपूर. सड्यावर रेंज चांगली मिळत असेल तर एकदाच वर जाऊन हे उतरवून आणायचं, पुढचं शोधायचं आणि सुधारायचं सगळं काम घरी बसून नेट नसताना होतं. नेट परत लागतं ते थेट पुश करताना, आणि ते दोन केबीचं असतं.

क्रम असा: गिटहबवर आधी फोर्क करा, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत आपल्या खात्यात घ्या, मग स्वतःचा फोर्क क्लोन करा, मूळ रिपॉझिटरी अपस्ट्रीम नावाने रिमोट म्हणून जोडा, आणि नवी ब्रांच काढा. मेनवर किंवा मास्टरवर थेट काम करू नका, दुसरा पीआर लावायची वेळ आली की गुंता होतो. गिट कॉन्फिगमध्ये नाव आणि ईमेल आत्ताच बघून घ्या, कारण तो ईमेल कमिटमध्ये कायमचा सगळ्यांना दिसतो. नको असेल तर गिटहबच्या सेटिंगमध्ये नोरिप्लायवाला पत्ता मिळतो, तो टाका.

एकच शब्द सुधारायचा असेल तर एवढंही नको. गिटहबवर ती फाईल उघडून पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक करा, फोर्क तो स्वतःच करतो. दोन-चार फाइली असतील तर रिपॉझिटरीच्या पानावर कीबोर्डवरचं फुलस्टॉपचं बटण दाबा, ब्राउझरमध्येच एडिटर उघडतो. पण शोधायची हत्यारं तिथे चालत नाहीत, म्हणून मी क्लोनच पसंत करतो.

डॉक्स नेमकी आहेत कुठे

वेबसाईटवर पान दिसतं म्हणजे तशीच एखादी फाईल कुठेतरी ठेवलेली असते असं नाही. फ्लिंकची डॉक्स मुख्य रिपॉझिटरीतच डॉक्स फोल्डरमध्ये मार्कडाउनमध्ये आहेत, ह्यूगोने त्यांची वेबसाईट बनते. आत कंटेंट फोल्डरात इंग्रजी आणि कंटेंट डॉट झेडएचमध्ये चिनी. चिनी पानांमध्येही कोडची उदाहरणं आणि न भाषांतरित झालेले इंग्रजी परिच्छेद असतात, इंग्रजीतला टायपो तिथेही तसाच बसलेला असू शकतो, तो सोबत सुधारायचा. चिनी वाक्यांना अर्थातच हात लावायचा नाही.

आता खरी मेख. कॉन्फिगरेशनचे जे लांबलचक तक्ते दिसतात, सेटिंगचं नाव, डिफॉल्ट किंमत, वर्णन, ते फ्लिंकमध्ये हाताने लिहिलेले नसतात. जावा कोडमध्ये प्रत्येक कॉन्फिग ऑप्शनसोबत त्याचं वर्णन लिहिलेलं असतं आणि त्यातून एचटीएमएल तयार होतं. जनरेटेड नावाच्या फोल्डरातली फाईल नुसती सुधारलीत तर पुढच्या वेळी कोणी जनरेटर चालवला की तुमची सुधारणा पुसली गेली, आणि त्याआधी टेस्टच फेल होऊ शकते कारण कोड आणि तक्ता जुळतात की नाही हे तपासणारी टेस्ट आहे. तिथे टायपो सापडला तर मूळ जावा फाईलमधलं वर्णन सुधारायचं आणि तक्ता परत जनरेट करायचा, कमांड फ्लिंक-डॉक्स मॉड्यूलच्या रीडमीत आहे. पहिल्याच पीआरला मेव्हनचा (जावाचं बिल्ड टूल) बिल्ड लावायची तयारी नसेल तर ते टायपो बाजूला लिहून ठेवा आणि साधी मार्कडाउनची पानं घ्या.

शोधायचं कसं

पहिलं हत्यार कोडस्पेल. पायथनचं आहे, पिप इन्स्टॉल कोडस्पेल केलं की झालं, मग कोडस्पेल डॉक्स अशी कमांड मारा. याची गंमत अशी की याच्याकडे इंग्रजीतल्या सगळ्या बरोबर शब्दांची डिक्शनरी नसून नेहमी होणाऱ्या चुकांची यादी असते, चुकीचा शब्द आणि समोर बरोबर शब्द. त्यामुळे वॉटरमार्क, काफ्का, डीसिरियलायझर असल्या शब्दांवर तो उगाच ओरडत नाही. अॅस्पेल किंवा हनस्पेल लावलं तर दर दुसरा तांत्रिक शब्द चुकीचा म्हणून येतो. रस्टमध्ये लिहिलेलं टायपोज नावाचं एक टूल आहे, ते कॅमलकेसमधले जोडलेले शब्द फोडून आतला टायपो पकडतं, कोडस्पेल तसं फोडत नाही. डॉक्ससाठी कोडस्पेल पुरतं.

कोडस्पेलला नुसता -डब्ल्यू दिला की तो न विचारता फाइली स्वतःच बदलतो. तसं करू नका. रापण ओढली की बांगड्यासोबत चिंध्या-पिशव्या पण किनाऱ्याला येतात, निवडायचं काम माणसाचंच. उदाहरण म्हणजे कोडमध्ये सिरियलायझरला कोणी एस ई आर असं छोटं नाव दिलं असेल तर कोडस्पेल म्हणतो इथे सेट पाहिजे. आता ते उदाहरणातलं व्हेरिएबल बदललं की खालच्या चार ओळी मोडल्या. त्यामुळे -डब्ल्यूसोबत -आय 3 पण देऊन इंटरॅक्टिव्ह चालवा, प्रत्येक ठिकाणी तो विचारतो, तुम्ही हो-नाही सांगता. काही शब्द कायमचे सोडायचे असतील तर मोठ्या -एल नंतर स्वल्पविराम देऊन ते लिहायचे, फोल्डर वगळायचे असतील तर मोठा -एस.

नेहमी सापडणारी गिऱ्हाइकं ठरलेली आहेत. रिसीव्हमध्ये आय आधी आणि ई नंतर. ऑकर्डमध्ये एकच आर. सेपरेटमध्ये पहिला ए जाऊन ई आलेला. गॅरंटीमध्ये यू आणि ए ची अदलाबदल. पार्टिशनमध्ये एक टीआय जास्तीचा. थ्रूपुटमधला आर गळालेला. स्टेटफुलला शेवटी दोन एल.

पण टूल चालवून जे सापडतं ते तुमच्या आधी कोणीतरी सापडवून सुधारलेलंच असतं, मोठ्या प्रोजेक्टमध्ये तर नक्कीच. खरा माल उरतो तो टूलला न दिसणारा, म्हणजे जे चुकूनही दुसरा बरोबर शब्दच झालेत ते. स्ट्रीममधला आर गेला की स्टीम होतं, वाफ. स्टीम प्रोसेसिंग! साध्या स्पेलचेकरला त्यात काहीच वावगं दिसत नाही. गिट ग्रेप -एन -डब्ल्यू -आय स्टीम अशी कमांड मारून बघा, -एन ने ओळीचा नंबर, -डब्ल्यू ने पूर्ण शब्द, -आय ने कॅपिटल-स्मॉल सारखंच. अशाच जोड्या: फ्रॉमचं फॉर्म, लॉगचं लॅग, कॉझलचं कॅज्युअल, पब्लिकमधला एल गळला की जे होतं ते मी इथे लिहीत नाही पण शोधायला विसरू नका. आणि सगळ्यात जास्त, डेटा लूज होणे. गमावणे हा अर्थ असेल तर एकच ओ, एल ओ एस ई. दोन ओ टाकले की सैल. स्ट्रीम प्रोसेसिंगच्या डॉक्समध्ये डेटा गमावण्याबद्दल पानापानाला लिहिलेलं असतं, त्यामुळे हा टायपो इथे जरा जास्तच पिकतो.

मग एकच शब्द दोनदा पडलेला, द द, इज इज. कोडस्पेल हा पकडत नाही. एडिटरच्या सर्चमध्ये रेजेक्स (शब्दाऐवजी नमुना देऊन शोधणं) चालू करा आणि टाका: बॅकस्लॅश बी, मग कंसात बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस, मग स्पेस, मग वन लावलेला संदर्भ, तो एडिटरप्रमाणे बॅकस्लॅश वन किंवा डॉलर वन असतो पण शोधताना बहुतेक ठिकाणी बॅकस्लॅशच, आणि शेवटी परत बॅकस्लॅश बी. पहिला द ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असेल तर हे सुटतं, म्हणून स्पेसच्या जागी चौकटी कंसात बॅकस्लॅश एस बॅकस्लॅश एन आणि कंसाबाहेर प्लस टाकून परत एकदा फिरवा. सापडलेलं प्रत्येक ठिकाण वाचा मात्र, दॅट दॅट कधी कधी बरोबरही असतं.

शेवटी डोळे. मराठी माध्यमातून शिकलेल्या पोरांना वाटतं आपलं इंग्रजी कच्चं, आपण काय लोकांचं सुधारणार. मला तर उलटं दिसलंय, ज्याला इंग्रजी सवयीचं आहे तो शब्दाचा आकार बघून पुढे सरकतो आणि आपण अक्षर अक्षर लावत वाचतो, त्यामुळे अडखळतोही आपणच आधी.

हात लावायचा नाही ते

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बहुतेक पीआर इथेच परत येतात.

चुकीचं स्पेलिंग जर कोडमध्येच असेल, म्हणजे क्लासचं नाव, मेथडचं नाव, सेटिंगची की, मेट्रिकचं नाव, तर डॉक्समध्ये ते चुकीचंच पाहिजे. डॉक्समध्ये व्याकरणशुद्ध केलंत तर वाचणाऱ्याचा कोड चालणार नाही. याची सगळ्यात नामांकित उदाहरणं जुनी आहेत. एचटीटीपीमधला रेफरर हेडर एक आर कमी असलेल्या स्पेलिंगसकट 1996 साली आरएफसी 1945 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात छापला गेला आणि आजपर्यंत जगातला प्रत्येक ब्राउझर तो तसाच पाठवतो. युनिक्समध्ये फाईल तयार करायच्या सिस्टिम कॉलचं नाव क्रिएट, पण शेवटचा ई नाही. युनिक्स परत करायला घेतलंत तर काय बदलाल असं युनिक्स बनवणाऱ्या केन थॉम्प्सनला विचारलं तर तो म्हणाला, क्रिएटला ई लावीन.

फ्लिंकमध्ये याचं झकास उदाहरण आहे. पूर्ण जॉबची जी अवस्था असते त्या यादीत कॅन्सलिंग हा शब्द दोन एलने लिहिलाय आणि त्याच्याच खाली कॅन्सल्ड एका एलने. तिथून एका टास्कच्या अवस्थेच्या यादीत गेलात तर कॅन्सलिंगलाही एकच एल. ब्रिटिश-अमेरिकन अशी खिचडी बघून कोणाचाही हात शिवशिवेल, पण हे सगळे कोडमधले एनम, म्हणजे ठरवून दिलेल्या नावांच्या यादीतली नावं आहेत, कोणाच्या तरी मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टमध्ये ते अक्षरन् अक्षर जुळवलेले असतात. डॉक्समध्ये जॉबची अवस्था सांगताना दोन एल, टास्कची सांगताना एक. म्हणून शंका आली की आधी गिट ग्रेपने सोर्स फोल्डरमध्ये तो शब्द शोधायचा. कोडमध्ये सापडला तर डॉक्समध्ये तसाच राहू द्या.

ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंग हा वादच काढू नका. सिरियलायझेशन एसने की झेडने, अॅक्नॉलेजमेंटमध्ये मधला ई की नाही, दोन्ही बरोबर. प्रोजेक्टच्या स्टाईल गाइडमध्ये एक ठरवलं असेल तरच बदला. बॅकप्रेशर सलग, मध्ये डॅश, मध्ये जागा, तिन्ही दिसतात. एकाच पानावर तिन्ही असतील तर एक करणं ठीक, पण अख्ख्या डॉक्समध्ये बदलायचं असेल तर आधी विचारा.

लायसन्सची फाईल, दुसऱ्याचा जशाच्या तसा घेतलेला कोड, जुन्या रिलीजच्या नोट्स, लॉगचं उतरवलेलं आउटपुट, यांना नमस्कार करून पुढे जायचं. लॉगच्या ओळीत टायपो असेल तर तो प्रोग्राम खरंच तसा छापतो, आणि लोक तीच ओळ जशीच्या तशी सर्चमध्ये टाकून या पानावर येतात.

हेडिंगमधला टायपो सुधारा, पण जपून. मार्कडाउनच्या हेडिंगवरून लिंकचा शेवटचा हॅशवाला भाग तयार होतो. हेडिंगमध्ये गॅरंटी चुकीची लिहिलेली असेल तर लिंकमध्येही तीच चूक असते, आणि बाकीची पानं, लोकांचे जुने बुकमार्क सगळे त्या चुकीच्या लिंकवर येतात. तुम्ही हेडिंग सुधारलं की पान उघडतं पण त्या जागी उडी मारत नाही. उपाय म्हणजे ती जुनी लिंक गिट ग्रेपने सगळीकडे शोधून बदलायची, किंवा ह्यूगोमध्ये हेडिंगच्या शेवटी महिरपी कंसात हॅश लावून जुनाच आयडी हाताने देऊन ठेवायचा. मी दुसरं करतो.

एक ओळ जवळून

नमुन्यासाठी बनवलेली ओळ घेऊ, विंडोजच्या (म्हणजे स्ट्रीमचे पाडलेले तुकडे, ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे) पानावरची समजा: "इफ अ लेट इव्हेंट इज रिसीव्हड आफ्टर द द वॉटरमार्क, यू मे लूज इट, व्हेन द जॉब इज कॅन्सलिंग, नो विंडो विल फायर." रिसीव्हडमध्ये आय-ई उलटे, द दोनदा, लूजला दोन ओ, कॅन्सलिंग कोडच्या फाँटमध्ये, कॅपिटलमध्ये आणि दोन एलने. कोडस्पेल यातलं रिसीव्हड दाखवेल. द द रेजेक्सने मिळेल. लूज तुमच्या डोळ्यांना मिळेल, आणि कॅन्सलिंगला एनम बघून सोडायचं. म्हणजे तीन सुधारणा, एक सोडलेली. आफ्टर द वॉटरमार्क याच्याऐवजी आणखी चांगलं वाक्य सुचलं तर ते या पीआरमध्ये घालू नका. शब्दरचना बदलली की रिव्ह्यू करणाऱ्याला अर्थ तपासावा लागतो, टायपो तो दहा सेकंदात पास करतो. एआयला अख्खं पान देऊन टायपो काढ म्हटलं तर तो नेमकं हेच करतो, न विचारता वाक्यं घासूनपुसून देतो, म्हणून त्याच्याकडून फार तर यादी घ्या आणि बदल स्वतः करा.

सेव्ह करताना

एडिटरमधली ओळीच्या शेवटच्या स्पेस आपोआप काढायची सेटिंग बंद करा. मार्कडाउनमध्ये ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे तिथे ओळ तोडायची खूण, त्या गेल्या की दोन ओळी एकमेकींना चिकटतात. विंडोजवर असाल तर लाइन एंडिंगचा गोंधळ होतो, सगळी फाईलच बदललेली दिसते. म्हणून कमिटच्या आधी गिट डिफ --स्टॅट. पाच शब्द सुधारले असतील तर पाचेक ओळी दिसायला हव्यात, तीनशे दिसल्या तर थांबा आणि काय झालं ते शोधा. मग गिट डिफ --वर्ड-डिफ, यात फक्त बदललेले शब्द जुना-नवा असे शेजारी दिसतात. सगळ्या लांब ओळी वाचत बसण्यापेक्षा हे किती तरी बरं.

पीआर किती मोठा

प्रत्येक अक्षराचा वेगळा पीआर नको आणि चारशे फायलींचा एकही नको. एक विभाग घ्या, समजा काफ्का स्ट्रीम्सचं डेव्हलपर गाइड किंवा फ्लिंकचा डेटास्ट्रीम एपीआय, त्यातले सगळे टायपो एका पीआरमध्ये. फक्त कॉपी-पेस्टने नुकसान करणारी चूक, ती ऑफसेटसारखी, सापडली तर तिचा पीआर वेगळा आणि आधी. तो लवकर बघितला जावा आणि जुन्या व्हर्जनच्या डॉक्समध्येही सहज नेता यावा म्हणून.

मेंटेनर लोक टायपोच्या पीआरकडे कधी कधी संशयाने का बघतात त्याला इतिहास आहे. हॅक्टोबरफेस्ट म्हणून डिजिटलओशनचा 2014 पासूनचा ऑक्टोबरमधला कार्यक्रम, त्यात ठराविक पीआर लावले की टीशर्ट मिळायचा. 2020 साली टीशर्टसाठी लोकांनी रीडमीमध्ये उगाच एखादा शब्द घालून इतके पीआर लावले की मेंटेनर वैतागले, आणि त्याच महिन्यात नियम बदलून ज्या प्रोजेक्टला सहभागी व्हायचंय त्यानेच तसं सांगायचं असं करावं लागलं. त्या रांगेत आपला पीआर धरला जाऊ नये असं वाटत असेल तर वर्णनात दोन ओळी नीट लिहा: कुठल्या विभागातले टायपो, कशाने शोधले, आणि कुठलं चुकीचं दिसणारं मुद्दाम सोडलं आणि का. शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगाचं, ते वाचलं की समोरच्याला कळतं की या माणसाने डोकं वापरलंय. टेम्प्लेट असेल तर ते पुसून टाकू नका, भरा. फ्लिंकच्या टेम्प्लेटमध्ये टेस्टबद्दल विचारलेलं असतं, तिथे किरकोळ बदल आहे, टेस्ट नाही असा पर्याय दिलेलाच आहे, तो ठेवा आणि बाकीचे काढा.

लावल्यानंतर

पहिलाच पीआर असेल तर टेस्ट लगेच सुरू होत नाहीत, वर्कफ्लोला मंजुरी हवी असं पिवळ्यात दिसतं. मेंटेनरने बटण दाबल्यावर त्या चालतात, तुमचं काही चुकलेलं नाही. रिव्ह्यू करणारे बहुतेक दुसऱ्या टाइमझोनमध्ये, त्यामुळे उत्तर आपल्या झोपेच्या वेळेला येतं. आठवडाभर काहीच आलं नाही तर एक सभ्य कॉमेंट टाका, रोज टाकू नका. गणपतीला घरी चाकरमानी भरलेले असताना पीआर लावू नका हा माझा अनुभवाचा सल्ला, रिव्ह्यू नेमका तेव्हाच येतो आणि लॅपटॉप कोणाच्या तरी पोराच्या ताब्यात असतो.

बदल सांगितले तर त्याच ब्रांचवर करा, पीआर बंद करून नवीन लावू नका. गिट कमिट --अमेंड करून गिट पुश --फोर्स-विथ-लीज, नुसत्या फोर्सपेक्षा हे सुरक्षित, कारण रिमोटवर तुम्हाला माहीत नसलेलं काही आलं असेल तर हे थांबतं. रिव्ह्यूअर एखादी सुधारणा नको म्हणाला आणि तुम्हाला पटलं नाही, तर त्याचं कारण विचारा, पण एका डॅशवरून लढाई करू नका. ती ओळ मागे घ्या आणि बाकीच्या मर्ज होऊ द्या.

मर्ज झाल्यावर लगेच वेबसाईट उघडून बघितलीत तर टायपो तसाच दिसेल. फ्लिंकची मास्टरची डॉक्स आणि स्टेबल व्हर्जनची डॉक्स वेगळी असतात, तुमची सुधारणा मास्टरच्या पानावर आधी येते आणि गूगल बहुतेक वेळा लोकांना जुन्या व्हर्जनच्या पानावर नेतं. साध्या टायपोसाठी तेवढं सोडून द्या. सेटिंगच्या नावासारखी चूक असेल तर त्याच पीआरमध्ये विचारा की हे चालू रिलीजच्या ब्रांचवर पण नेता येईल का. हो म्हणाले तर त्या ब्रांचवरून नवी ब्रांच काढून गिट चेरी-पिक करायचं, म्हणजे आपली तेवढीच कमिट उचलून तिथे लावायची. मास्टर --डेप्थ 1 ने उतरवलेलं असेल तर आधी ती रिलीजची ब्रांच वेगळी फेच करावी लागेल, तीही --डेप्थ 1 ने चालते. मग फोर्कवर सिंक फोर्कचं बटण, मर्ज झालेली ब्रांच डिलीट, आणि बाजूला लिहून ठेवलेले ते जनरेटेड तक्त्यातले टायपो आता घ्यायला हरकत नाही.